देवघेवीची नोंद

२०२१चा जुलै. रात्रीचे पावणेअकरा वाजले असतील. जेवणं उरकून ओटा पुसत होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. नदीकाठच्या एका गावातल्या ग्रंथपाल बाईंनी आमच्या ग्रंथपालांच्या ग्रुपवर चार फोटो टाकले होते. पूर ओसरल्यावर पहिल्यांदाच उघडलेलं वाचनालय. लोखंडी कपाटांचे खालचे तीन कप्पे चिखलात. पाणी पिऊन पुस्तकं इतकी फुगली होती की कपाटाच्या बाजूच्या पत्र्याला बाहेरून पोक आलं होतं. फोटोंखाली एकच ओळ होती : "पुस्तकं भिजलीत. उद्या सकाळी काय करू?"

पुढच्या तासाभरात साठ-सत्तर उत्तरं आली. बहुतेक जोडलेल्या हातांची चित्रं, 'काळजी घ्या ताई', 'देव परीक्षा बघतो'. चारपाच जणांनी उपाय सुचवले. कुणी म्हणालं पानापानावर इस्त्री फिरवा, कुणी म्हणालं भुशात पुरून ठेवा. मीही लिहिलं, "ऊन पडलं की गच्चीवर उघडून पसरा, दोन दिवसांत सुकतील." वीस वर्षांहून जास्त काळ ग्रंथालयात काढलेल्या बाईचं उत्तर म्हणून त्यांनी ते मानलं.

दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. कादंबऱ्या वेड्यावाकड्या झाल्या होत्या, पण वाचण्याजोग्या होत्या. बालविभाग मात्र संपला होता. चित्रांची पुस्तकं, प्राण्या-पक्ष्यांचे कोश, किल्ल्यांचे अल्बम यांच्या विटा झाल्या होत्या. गुळगुळीत कागदावर पांढऱ्या मातीचा आणि चिकट द्रव्याचा लेप असतो. पाण्यानं तो सुटतो, आणि कागद सुकला की तोच लेप खळीसारखा पान पानाला धरून ठेवतो. एकदा सुकलं की ते पान पुन्हा सुटत नाही. असं पुस्तक ओलं असतानाच पानांमध्ये कागद घालून हळूहळू सुकवायचं असतं, आणि तेवढे हात नसतील तर गोठवून ठेवायचं असतं. उन्हात टाकायचं नसतं. मी नेमकं तेच सांगितलं होतं.

हे मला माहीत नव्हतं, असंही म्हणता येत नाही. पुढच्या आठवड्यात एका जुन्या सदस्यानं आपल्या फोनमध्ये जपून ठेवलेला एक ध्वनिसंदेश पुन्हा ग्रुपवर टाकला. तो २०१९च्या ऑगस्टमधला, सांगली-कोल्हापूरच्या महापुराच्या वेळचा होता. कागद-संवर्धनाचं काम करणाऱ्या एका बाईंनी सात मिनिटांत सगळं समजावून सांगितलं होतं. बंद भिजलेलं पुस्तक ओढून उघडू नका. चिखल घासू नका. दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून आधी वारा खेळता करा. साध्या कागदाची पुस्तकं कोऱ्या कागदावर उभी करून पंख्याखाली ठेवा, गुळगुळीत कागदाची वेगळी काढा. तो संदेश मी २०१९ मध्येही ऐकला होता. ऐकून अंगठा दाखवला होता.

आमच्या हाताखालून रुपया दीड रुपयाची पुस्तिका गेली तरी दाखल नोंदवहीत तिला क्रमांक पडतो, तारीख पडते, कुठून आली ते लिहिलं जातं. पन्नास वर्षांपूर्वी कुणी कोणतं पुस्तक भेट दिलं, हे मी आजही उठून सांगू शकते. आणि एका जाणत्या बाईनं दिलेलं सात मिनिटांचं ज्ञान आम्ही दोनशे ग्रंथपालांनी मिळून हरवलं. पुस्तकं वाचवण्याचं ज्ञान, पुस्तकं सांभाळणाऱ्यांनी. तेव्हापासून मला एक गोष्ट वारंवार सांगावीशी वाटते. आमचा व्यवसाय वाढतो तो एकमेकांशी होणाऱ्या देवघेवीतून. ती देवघेव आता ऑनलाइन भरपूर होते, पण तिची नोंद कुणी ठेवत नाही. आणि नोंद न ठेवलेली देवघेव ग्रंथालयात तरी आपण देवघेव मानत नाही.

*

'व्यावसायिक विकास' हा शब्द आमच्याकडे महाविद्यालयांतून आला. तिथल्या ग्रंथपालांना उजळणी वर्ग असतात, ते केले की पदोन्नतीत जमेस धरतात, चर्चासत्राला जायला रजा मिळते. सार्वजनिक ग्रंथालयातली गोष्ट वेगळी. १९६७ साली ग्रंथालयाचा कायदा झाला, त्यातून अनुदान आलं आणि गावोगाव वाचनालयं उभी राहिली. महाराष्ट्राच्या बाहेर ग्रंथालयांचं एवढं दाट जाळं फार थोड्या ठिकाणी आहे, याचा मला अभिमान आहे. पण त्या जाळ्याची प्रत्येक गाठ एकटी आहे. सगळ्यात खालच्या 'ड' वर्गाच्या वाचनालयाला मिळणारं वर्षाचं अनुदान वाढीनंतरही तुटपुंजंच असतं. त्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज आणि माणसाचा पगार. साहजिकच तिथे माणूस एकच असतो. तोच कुलूप उघडतो, झाडतो, पेपर लावतो, पुस्तक देतो-घेतो, वर्गणीची पावती फाडतो, तपासणीची कागदपत्रं तयार करतो. तरुणपणी कधीतरी काही महिन्यांचा ग्रंथालय प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेला असतो, तीच त्याची शिदोरी. तीवर तो तीस वर्षं काढतो.

मी तालुक्याच्या ठिकाणी आहे, आमच्याकडे तीन माणसं आहेत, म्हणून माझं बरं चाललंय. तरी सुरुवातीची वर्षं मला चांगली आठवतात. कार्यकारिणीतली मंडळी सज्जन होती, पण त्यांच्याशी बोलणं व्हायचं ते हिशेबाचं आणि कार्यक्रमाचं. पुस्तकाला वर्गांक कोणता द्यावा, हा प्रश्न मी कुणाला विचारणार? 'दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याला ८९१.४६ एवढीच जागा आहे आणि आपली तर पाचातली चार पुस्तकं तिथेच येऊन पडतात, मग कपाटं लावायची कशी?' हा प्रश्न मी घरी जेवताना बोलून दाखवला, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, आधी भाजी वाढ." चूक त्यांची नव्हती. त्या घरात, त्या गावात तो प्रश्न माझ्याखेरीज कुणाचाच नव्हता.

हा एकटेपणा फार थोरांनाही चुकलेला नाही. शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा ते गणित शिकवणारे प्राध्यापक होते. वर्गातल्या गजबजीतून उठून ग्रंथालयाच्या शांततेत येऊन बसले आणि आठवड्याभरातच ती शांतता त्यांना सोसवेना. 'मला परत शिकवायला पाठवा' असं सांगायला ते गेले. तोडगा असा निघाला की आधी लंडनला जाऊन हे शास्त्र शिकून या, मग ठरवा. लंडनमध्ये ते शिकलेच, पण ग्रंथालयं हिंडून पाहिली, तिथल्या माणसांशी बोलले, आणि परतल्यावर परत शिकवायला जाण्याचं नावही काढलं नाही. पुढे १९३१ मध्ये त्यांची ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्रं आली, १९३३ मध्ये पुस्तकांच्या वर्गीकरणाची द्विबिंदू पद्धत आली. आपण दरवर्षी १२ ऑगस्टला त्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि बुद्धिमत्तेचं कौतुक करतो. ते योग्यच आहे. पण कंटाळून परत निघालेल्या त्या माणसाला व्यवसायात कशानं धरून ठेवलं, हेही त्या दिवशी बोललं पाहिजे. हेच काम करणारी दुसरी माणसं त्यांना भेटली. आपल्याकडे दर ग्रंथपालाला लंडनला कोण पाठवणार? तालुक्याला पाठवतानाही प्रवासखर्चाचा प्रश्न निघतो. म्हणून हातातल्या फोनवर आलेली ही भेटीची सोय मी क्षुल्लक मानत नाही.

ही सोय माझ्यापर्यंत पोचली ती २०१६च्या सुमारास. आमच्या ग्रंथालयाची यादी संगणकावर होती, नऊ हजारांच्या वर नोंदी, पण जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या. ज्या संगणकावर तो फाँट आहे तिथेच मराठी दिसायची, दुसरीकडे उघडली की इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा कचरा. संगणक जुना झाला, बंद पडायला लागला, आणि माझ्या पोटात गोळा आला. चार वर्षं दुपारच्या वेळी बसून मी आणि माझ्या सहकारी ताईंनी ते टंकलं होतं. मी ग्रुपवर विचारलं. विदर्भातल्या एका महाविद्यालयाचा तरुण ग्रंथपाल म्हणाला, "ताई, रात्री नऊनंतर फोन करा." सलग तीन रात्री तो माझ्याशी बोलत होता. युनिकोड म्हणजे काय, जुन्या फाँटमधलं युनिकोडमध्ये कसं बदलायचं, बदलताना पहिली वेलांटी आणि रफार जागा का सोडतात, मग 'वर्ष'चं 'वषर्' झालेलं एकदम कसं शोधून दुरुस्त करायचं. तिसऱ्या रात्री अकरा वाजता माझ्या फोनवर आमच्या ग्रंथालयाची यादी मराठीत उघडली. मी त्याला काही बोलूच शकले नाही.

महिन्याभरानं त्याचा प्रश्न आला. त्याच्या महाविद्यालयाला जुन्या पुस्तकांची देणगी मिळाली होती आणि बऱ्याच पुस्तकांवर नुसता शक छापलेला होता. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, एवढं त्याला माहीत होतं. पण एका पुस्तकाच्या प्रस्तावनेखाली 'माघ' लिहिलेला होता आणि हिशेब एका वर्षानं चुकत होता. हे मला येत होतं. शक चैत्रात बदलतो, सन जानेवारीत. म्हणून जानेवारी उजाडल्यापासून गुढीपाडव्यापर्यंतच्या पुस्तकाला ७९ मिळवायचे. या उत्तराबरोबर मी त्याला आमची टोपणनावांची वहीही फोटो काढून पाठवली. विभावरी शिरूरकरांचं पुस्तक मागणारा वाचक आणि मालतीबाई बेडेकरांचं मागणारा वाचक एकाच कपाटाशी पोचला पाहिजे, म्हणून माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी ती वही सुरू केली होती.

व्यावसायिक विकास म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर हे असतं. त्याच्याकडे होतं ते माझ्याकडे आलं, माझ्याकडे होतं ते त्याच्याकडे गेलं, आणि दोन्ही ग्रंथालयांतल्या वाचकांना त्याचा दुसऱ्या दिवशी उपयोग झाला. कुणी कुणाला प्रमाणपत्र दिलं नाही.

*

प्रमाणपत्रांबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. २०२०च्या टाळेबंदीत वाचनालयं बंद होती आणि वेबिनारांचा पूर आला. मीही बरेच ऐकले. काही उत्तम होते, त्यातून मी शिकले, हे कृतज्ञतेनं सांगते. पण लवकरच लक्षात आलं की बोलणारे बोलतात, खाली सगळे आपापलं नाव-गाव टाकतात आणि शेवटची दहा मिनिटं 'प्रमाणपत्राची लिंक कुठे आहे' या एकाच प्रश्नात जातात. प्रश्नोत्तराला वेळ उरत नाही. मी एका हुशार सहकाऱ्याच्या फाइलमध्ये त्या एका वर्षातली चाळीसच्या वर ई-प्रमाणपत्रं पाहिली. त्यांतल्या कोणत्या विषयानं त्याच्या वाचनालयात काय बदललं, हे मी त्याला विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मला त्याला दुखवायचं नव्हतं. नोकरीच्या जाहिरातीत, मुलाखतीत कागद मागतात म्हणून तो कागद जमवत होता. दोष त्याचा नाही, मोजमापाचा आहे. हजेरी मोजणं सोपं असतं, म्हणून आपण हजेरीलाच शिकणं म्हणायला लागलो.

ग्रंथपाल काय शिकला हे ओळखायची माझ्या मते एक जागा आहे, ती म्हणजे देवघेवीचं टेबल. आलेल्या माणसाला आधी जे मिळत नव्हतं ते आता मिळतं का? बारावीच्या मुलीच्या हातात स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकाची जुनी आवृत्ती जात होती, ती आता जात नाही का? डोळे मंदावलेल्या आजोबांना मोठ्या टाइपातलं पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे सांगता येतं का? ही परीक्षा रोज होते आणि तिचं प्रमाणपत्र कुणी देत नाही.

*

आपल्या बोलण्याची नोंद ठेवायची ही कल्पना मी काढलेली नाही. ती मराठीतच, शंभरावर वर्षांपूर्वी होऊन गेलेली आहे, आणि तिचा विसर पडलाय याची मला खंत वाटते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून घेतलं. त्यांनी संस्थानात ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरायला लागल्या, आणि १९११ मध्ये ग्रंथालयात काम करणाऱ्यांसाठी शिक्षणाचा वर्ग निघाला. हे आपण शिकलेलो असतो. त्यापुढची गोष्ट क्वचित सांगितली जाते. १९१२ पासून बडोद्याहून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं त्रैमासिक निघायला लागलं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. बोर्डन १९१३ मध्ये परत गेले. त्यांच्यामागे काम सांभाळणाऱ्या ज. स. कुडाळकरांनी त्या सगळ्या चळवळीची हकीकत १९१९ मध्ये पुस्तकरूपानं लिहून ठेवली. महाराजांचा पैसा होता, हे खरं. पण काम करणाऱ्यांनी आपलं काम आपल्या भाषेत लिहून ठेवायचं, हे बडोद्यानं पहिल्या दोन वर्षांत ओळखलं. म्हणून आज त्या पेट्यांबद्दल बोलता येतं.

आणि शंकर गणेश दात्यांचं काय? १८०० ते १९३७ पर्यंतच्या आणि मग १९३८ ते १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची त्यांनी केली. ठिकठिकाणची ग्रंथालयं पालथी घालून एकेक पुस्तक नोंदवलं. त्यांच्या हाती फोन नव्हता, ग्रुप नव्हता. तरी त्यांनी जे केलं ते ग्रंथालयांना एकमेकांशी जोडण्याचंच काम होतं. कुठल्या पुस्तकाविषयी शंका आली की मी अजून दात्यांची सूची उघडते. आमच्या ग्रुपवर आज एका दिवसात जेवढे संदेश पडतात तेवढे शब्द त्या सूचीच्या कित्येक पानांत मिळून नसतील. त्यांतलं शंभर वर्षांनी कुणी उघडून पाहील असं एक वाक्य तरी आपण आज ठेवतोय का?

भिजलेल्या पुस्तकांच्याच बाबतीत सांगायचं तर, ४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीत फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीला पूर आला आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तकं-कागद चिखलात बुडाले. जगभरातून तरुण मुलं धावून आली, हातोहात पुस्तकं बाहेर काढली. त्यांना लोक 'चिखलातले देवदूत' म्हणाले. पुस्तकबांधणीतले जाणकारही गेले. त्यांपैकी पीटर वॉटर्स पुढे अमेरिकेतल्या काँग्रेसच्या ग्रंथालयात काम करायला गेले आणि १९७५ मध्ये त्यांनी भिजलेली ग्रंथसामग्री कशी वाचवायची याची एक पुस्तिका लिहिली. पुस्तकं गोठवून ठेवली तर बुरशी थांबते आणि विचार करायला उसंत मिळते, हे तीत नीट सांगितलेलं आहे. पूर आला, माणसं भेटली, एकमेकांकडून शिकली, आणि ते लिहून ठेवलं. ही शेवटची पायरी आमच्याकडून राहते. सांगली २०१९ मध्ये किंमत मोजून जे शिकली ते लिहिलेलं असतं, तर २०२१ मध्ये कोकणात कुणीतरी वेळेवर म्हणालं असतं की अरे, मासळीच्या बंदरावर शीतगृह असतं, तिथे जागा मागा. चिपळूणला १८६४ पासूनचं वाचन मंदिर आहे, २०२१च्या पुरात त्यातही पाणी शिरलं. अशा ठिकाणी एकेका तासाचं मोल असतं.

*

ग्रुपवरच्या बोलण्याची अशी वही ठेवायची म्हटलं की माझ्या मैत्रिणी जे म्हणतात ते मला माहीत आहे, आणि त्यात तथ्य आहे. पहिलं म्हणजे ग्रुप हा चार घटका बोलायचा कट्टा असतो, तिथे वह्या उघडल्या की माणसं बोलायची थांबतील. आधीच विचारायला लाज वाटते. ग्रंथालयशास्त्रात एम.लिब. झालेल्यांच्या पुढे प्रमाणपत्रवाल्यानं 'तालिका म्हणजे नेमकं काय' असं विचारायचं तर धीर लागतो. मी हे होताना पाहिलंय. एका नव्या मुलीनं साधा प्रश्न विचारला आणि एका ज्येष्ठांनी 'एवढंही माहीत नाही?' असं लिहिलं. ती मुलगी पुढचं वर्षभर ग्रुपवर दिसली नाही. तिच्या मनात किती प्रश्न आले असतील आणि तसेच विरले असतील, याचा हिशेब त्या ज्येष्ठांकडे कुणी मागितला नाही. म्हणूनच मला वाटतं, नोंद प्रश्नाची आणि उत्तराची ठेवावी, विचारणाऱ्याच्या नावाची नको. वाचकानं कोणतं पुस्तक नेलं हे आपण चारचौघांत बोलत नाही. सहकाऱ्याच्या प्रश्नालाही तोच मान द्यायला हवा.

दुसरं म्हणजे, सगळं आता नेटवर आहे, यंत्राला विचारलं तरी उत्तर येतं, वही कशाला? मी विचारून पाहते, शिकते, मला त्याचं वावडं नाही. पण आमचे निम्मे प्रश्न असे असतात की त्यांची उत्तरं अजून कुणी कुठे लिहिलेलीच नाहीत. साधं वर्णक्रमाचं घ्या. मराठी माणूस 'क्ष' आणि 'ज्ञ' वर्णमालेच्या शेवटी शोधतो आणि 'ळ' 'ह'च्या नंतर. संगणक 'ज्ञ'ला ज आणि ञ यांचं जोडाक्षर धरून 'ज'मध्ये बसवतो, 'क्ष'ला 'क'मध्ये, आणि 'ळ'ला 'ल'च्या लगेच पुढे. परिणाम असा की आमचे एक वाचक छापील यादीत शेवटची पानं उलटून 'ज्ञानेश्वरी नाही का तुमच्याकडे?' असं विचारत आले. आमच्याकडे अकरा प्रती होत्या. याला तोड म्हणून कुणी यादी हातानं लावतं, कुणी शेवटी एक सूचना छापतं. कोणतं वाचकाला सोयीचं पडतं हे अशा पन्नास ग्रंथालयांनी करून पाहून एकमेकांना सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

तिसरा आक्षेप खरा अवघड आहे : वेळ. हे सगळं आम्ही करतो ते रात्री, घरचं आवरून. मला मदत करणारा तो मुलगाही रात्री नऊनंतरच मोकळा होता. आमच्या व्यवसायात बायका पुष्कळ आहेत, आणि त्यांचं शिकणं झोपेतून कापलेल्या तासांवर चाललंय. इतक्या वर्षांत आमच्याकडे जितक्या तपासण्या झाल्या त्यांत पुस्तकं मोजली, पावत्या पाहिल्या, सही-शिक्के तपासले. यंदा तुम्ही नवं काय शिकलात, कुणाला काय शिकवलंत, असं मला एकदाही कुणी विचारलं नाही. मला वाटतं कार्यकारी मंडळांनी ठराव करून आठवड्यातले दोन तास ग्रंथपालाच्या शिकण्या-शिकवण्याचे म्हणून कामाच्या वेळेतच धरावेत. त्याला पैसा लागत नाही. त्या दोन तासांत तो फोनवर बोलला तर तो टाइमपास करतोय असं न समजण्याचा मोठेपणा तेवढा लागतो. आमच्या मंडळानं मागच्या वर्षी हा ठराव केला. मंगळवारी दुपारी तीन ते पाच देवघेव बंद असते आणि दारावर तशी पाटी असते. पहिले दोन महिने वाचकांनी कुरकुर केली. पुढे ते पाटी वाचून बाकावर पेपर वाचत बसायला लागले.

*

या देवघेवीत लहान ग्रंथालय काय देणार, असंही कुणी म्हणेल. संगणकावर ग्रंथालय चालवणारी मंडळी 'कोहा' हे नाव ओळखतात. फुकट मिळणारी संगणकप्रणाली एवढीच तिची ओळख आपल्याकडे आहे. तिचा उगम न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयात झाला. इसवी सन २००० उजाडताना त्यांची जुनी प्रणाली कोलमडणार होती आणि बाजारातल्या महागड्या प्रणाली त्यांच्या आवाक्याबाहेरच्या आणि गरजेला न जुळणाऱ्या होत्या. त्यांनी स्वतःपुरती नवी करून घेतली, आणि झाल्यावर ती सगळ्या जगाला वापरायला, बदलायला मोकळी केली. आज भारतातल्या कितीतरी विद्यापीठांची ग्रंथालयं तीवर चालतात. 'कोहा' हा माओरी शब्द. पाहुणा यजमानाकडे घेऊन जातो ती भेट, जिची परतफेड कधीतरी व्हायची असते. तालुक्याच्या वाचनालयाएवढ्या एका जागेनं जगातल्या मोठ्या ग्रंथालयांना ही भेट दिली, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्याकडे लहान ग्रंथालयानं घ्यायचं आणि मोठ्यानं द्यायचं, असं आपण मनाशी धरून बसलोय. टोपणनावांची वही आमच्याकडे होती, विदर्भातल्या महाविद्यालयाच्या त्या मुलाकडे नव्हती.

आमच्या ग्रुपची वही आता तिसऱ्या वर्षात आहे. खरं तर ती एक सामायिक तक्ता-फाइल आहे, पण आम्ही वहीच म्हणतो. रकाने दाखल नोंदवहीसारखेच : क्रमांक, तारीख, प्रश्न, उत्तर, कुणी करून पाहिलं, काय झालं. शेवटचा रकाना भरल्याशिवाय नोंद पक्की धरायची नाही, असं आम्ही ठरवलंय, कारण ऐकीव उत्तरानं काय होतं ते मी पाहिलंय. आठ जिल्ह्यांतली माणसं पाळीपाळीनं एकेक महिना ती सांभाळतात. दोनशेच्या वर नोंदी झाल्या. नोंद क्रमांक १ भिजलेल्या पुस्तकांची आहे. त्या सात मिनिटांच्या संदेशाचा शब्दन् शब्द मी उतरवून घेतला, बाईंना दाखवून दुरुस्त केला, आणि खाली 'काय करू नये' या मथळ्याखाली माझं त्या रात्रीचं उत्तर जसंच्या तसं लिहिलं.

गेल्या महिन्यात एका 'ड' वर्गाच्या वाचनालयातल्या मुलीनं विचारलं, कसर लागलीय, डांबरगोळ्या संपल्यात, मंडळ पैसे देत नाही. तिला नोंद ६३ पाठवली : कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मागची ओल बघा, पुस्तकं काढून एकेक कोरड्या ब्रशनं झाडा, लागलेली पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कुणाच्या तरी डीप फ्रीजरमध्ये दोन-तीन आठवडे ठेवा. तीन आठवडे तिच्याकडून काही कळलं नाही. मंगळवारी दुपारी तिचा फोन आला. भिंतीमागे पन्हळीचं पाणी झिरपत होतं, ते मंडळाला दाखवल्यावर दुरुस्त झालं. लागलेली एकवीस पुस्तकं गावातल्या आइस्क्रीमवाल्या काकांनी आपल्या फ्रीजरच्या तळाशी ठेवून घेतली होती, आदल्या दिवशी बाहेर काढली. तिनं विचारलं, "ताई, आइस्क्रीमवाल्यांचं लिहायचं का शेवटच्या रकान्यात?" मी म्हटलं, तेच आधी लिही.